सातचा रकाना

काम म्हटलं तर एवढंसंच होतं. झाकणाची एक स्टीलची वाटी तिच्या मालकिणीला नेऊन द्यायची. शनिवार होता, शालूला सुटी होती, आणि स्वारगेटहून तिच्या गावाला थेट बस जात होती. त्याला गाव म्हणायचं की शहर, ते महापालिकेला विचारा. पाटी लागली, कर लागला, पाणी मात्र अजून टँकरचंच.

वाटी नसीमबानू सिस्टरनी वॉर्डातल्या कपाटाच्या तळातून काढून दिली होती. चार महिने ती तिथे पडून होती. टाकून द्यायची कुणाची छाती झाली नव्हती. वाटीच्या कडेला ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, रुखवतातल्या भांड्यांवर कोरतात तसं: सौ. तुळजाबाई सोनबा.

"तिचा फोन आला होता," सिस्टर म्हणाल्या. "वाटी हवीये. आणि तूच आणून द्यावीस म्हणते."

"मीच का?"

"ते तिला विचार. पोचती कर आणि नीघ. सोमवारी सर्टिफिकेट न्यायला ये."

सर्टिफिकेट! त्या एका कागदासाठी शालूनं वर्ष काढलं होतं. नर्सिंगची पदवी घेऊन तीन वर्षं ती कंत्राटावर राबली होती. दर अकरा महिन्यांनी घरी बसायचं, पुन्हा अर्ज करायचा. मग हा अभ्यासक्रम मिळाला. पदवीनंतरचा, एक वर्षाचा, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचा. तो पुरा झाला की दुसऱ्या एका मोठ्या इस्पितळात कायमची जागा नक्की होती. कोथरूडच्या दोन खोल्यांत तिच्या वडिलांनी, हिंदुरावांनी, सर्टिफिकेट लावायला भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

आता या अभ्यासक्रमाचं जरा ऐका, म्हणजे पुढचं कळेल. माहितीपत्रकात छापलं होतं, एका नाजूक बाळामागे एक परिचारिका. छापायला काय जातं! प्रत्यक्षात सहा बाळांमागे एक, आणि तीही शिकाऊ. वर्गात सकाळी शिकवायचे की बाळाच्या पायाला लावलेली ऑक्सिजन मोजणारी तार क्षणभरही काढू नये. दुपारी वॉर्डात बघावं तर सहा बाळं आणि पाच तारा. एकाची काढून दुसऱ्याला लावायची. हे असं सगळं.

नसीमबानू सिस्टर वॉर्डाच्या प्रमुख आणि या मुलींच्या शिक्षिकाही. बारीक चणीची, नारायण पेठेत जन्म गेलेली बाई. लग्न केलं नाही. बोलणं असं की समोरच्याला आपलं चुकलं हे घरी पोचल्यावर कळावं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "आधी हात, मग पेन." दर तासाला बाळाला हात लावायचा, ठोके मोजायचे, श्वास मोजायचे, रंग बघायचा, आणि मग त्या तासाच्या रकान्यात लिहायचं. एवढी लहान बाळं श्वास घ्यायला विसरतात हो. तळपायाला टिचकी मारली की आठवतं त्यांना.

पण सहा बाळांमागे एक मुलगी असली की हात पुरत नाहीत. मग पहिल्या आठवड्यातच एखादी जुनी मुलगी कानात सांगते: पुढचे रकाने भरून ठेव. तीनला ठोके १४२ दिसले ना, मग चारला १४०, पाचला १४४, सहाला १४२. सारखाच आकडा लिहायचा नाही, पकडली जाशील. सगळ्या करत. नसीमबानूंना माहीत नव्हतं असं नाही. त्या तेवढ्यापुरतं दुसरीकडे बघत.

सिस्टरांची एक सवय होती. रोज दुपारी तीनला त्या आपल्या खोलीचं दार आतून लावून घेत, ते चारला उघडत. तासभर जग बुडालं तरी दार वाजवायचं नाही. मुली म्हणत, नमाज पढत असतील. एकीनं धीर करून विचारलंही होतं. सिस्टर म्हणाल्या, "माझा नमाज दीडला होतो. तू आपली औषधं मोज."

तर ती दुपार. चार नंबरच्या खाटेवर तुळजाबाईचं बाळ होतं. बारा दिवसांचं, दोन महिन्यांहून जास्त आधी आलेलं, वजन एक किलोलाही कमी. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर झालेलं. चोखायची ताकद नव्हती, म्हणून दर दोन तासांनी आईचं दूध नळीनं पोटात सोडायचे. तुळजाबाई बाहेरच्या बाकावर बसून असे, दूध काढून त्या वाटीत भरे आणि दाराच्या फटीतून आत देई.

शालूचा दुसऱ्या दिवशी वर्गापुढे निबंध होता. विषय काय, तर दर तासाच्या निरीक्षणाचं महत्त्व! तो लिहायला वेळ हवा म्हणून तिनं तीनलाच चार, पाच, सहाचे रकाने भरून टाकले. पाचच्या रकान्यात दूधही लिहून टाकलं: आईचं दूध, ५ मिली, नळीनं, पचलं. चार नंबरची तार तेव्हा दोन नंबरच्या बाळाला लावलेली होती. मग ती टेबलाशी बसली, आणि चार वाजून चाळीस मिनिटांनी उठली.

तिनं बाळाचा रंग पाहिला. निळा. तळपायाला टिचकी मारली. पुन्हा मारली. डॉक्टर धावत आले, दोन अंगठ्यांनी ती एवढीशी छाती दाबली, दहा मिनिटांनी हात काढून घेतला.

"केव्हाच गेलंय," ते म्हणाले. मग त्यांनी खाटेला लटकवलेला तक्ता पाहिला. सहापर्यंत भरलेला. नसीमबानूंकडे पाहिलं. "तुमचं तुम्ही बघा. मी नंतर सही करायला येतो." आणि गेले. शहाणा माणूस.

शालू भिंतीला टेकून उभी होती. नसीमबानूंनी खाटेभोवती पडदा ओढला. तक्त्यावरून बोट फिरवलं. शांतपणे म्हणाल्या, "कागदावर बाळ सहापर्यंत आहे. मग ते सहापर्यंत असेल."

"सिस्टर, पण..."

"खाडाखोड केली तर चौकशी. चौकशीत तू जाशील, मी जाईन. डॉक्टर जाणार नाहीत. कळलं?" त्यांनी खाटेच्या वरचा हीटर तसाच चालू ठेवला, बाळ गार लागू नये म्हणून.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. पाच वाजले होते. फटीतून वाटी आत आली. तुळजाबाईचा हात, हिरव्या बांगड्या.

"पितंय का ओ, शिस्टर?"

शालूनं वाटी घेतली. दूध कोमट होतं.

"झोपलंय," ती म्हणाली.

एक तास दहा मिनिटं ते बाळ पडद्याआड कागदावरचं आयुष्य जगत राहिलं. सहा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांनी सही केली. तुळजाबाईला आत बोलावलं. तिनं त्याला उचलून घेतलं, एक हात छातीवर, एक पाठीखाली. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "पाठ गार हाय ह्याची..." वरून शेकलेलं बाळ. छाती ऊन होती.

नंतर तिच्या नवऱ्यानं, सोनबानं, कसल्याशा सरकारी योजनेसाठी फायलीची झेरॉक्स मागून नेली. आणि सगळं मिटलं. मिटलं असं शालू स्वतःला सांगत होती.

बसमधून उतरून शालू विचारत विचारत तुळजाबाईच्या घरापाशी पोचली तेव्हा साडेचार होऊन गेले होते. नव्या इमारतींच्या मधे दोन खोल्यांचं स्लॅबचं घर. शेजारी बांधकाम चालू होतं, मशीनची घरघर होती, लख्ख ऊन होतं. भीतीचं काही नव्हतं. सोनबा टेम्पो घेऊन बाहेरगावी गेलेला. दारात त्याची आई, सोजरबाई, उभीच होती, वाट पाहत असल्यासारखी.

"या. येळेत आलासा," ती म्हणाली. मग शालूचा दंड धरून तिला भिंतीच्या कडेला ओढलं. आवाज एकदम खाली आणला. "पोरी, सून माझी वाळत चालली बघ. चार महिनं झालं. दूध आटंना तिचं. दवाखान्यातला म्हंतो, मनाचं हाय. तू तितं व्हतीस. काय झालं त्ये खरं सांग तिला. सांगितलंस तर सुटंल गं. न्हाई तर जाईल ती बी."

खरं म्हणजे एकच वाक्य होतं. तुळजाबाई, तुमचं बाळ पाचच्या आधीच गेलं होतं. बस, एवढंच. आणि सोमवारी सर्टिफिकेट. ती चप्पल काढून आत गेली.

आतल्या खोलीत खिडकी बंद होती. दूध नासल्याचा आंबूस वास येत होता, आणि त्यात दुसरा एक वास, जो या घरात असायचं काही कारण नव्हतं. स्पिरिटचा. वॉर्डातला. तुळजाबाई गादीवर बसली होती. शालूनं तिला ओळखलंच नाही. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या, गालाची हाडं वर आली होती.

तिनं वाटी घेतली, नावावरून बोट फिरवलं आणि बाजूला ठेवली. वाटीसाठी बोलावलंच नव्हतं, हे शालूला त्या क्षणी कळलं.

"बसा, शिस्टर. पाच वाजायचं हायती."

बाहेरची घरघर थांबली. कामगारांची चहाची वेळ झाली असावी. खोलीत इतकी शांतता झाली की शालूला आपल्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली.

पाच वाजले. तुळजाबाई भिंतीकडे वळली, पदर पुढे घेतला, दोन्ही हात असे धरले की एक वर आणि एक खाली. मधे काही नव्हतं. शालूनं नीट पाहिलं, काही नव्हतं. पण हात ओझं तोलतात तसे तोलत होते.

"आलं," ती म्हणाली. "रोज येतंय. पाचला येतंय आन् सहा धाला जातंय. तोंड न्हाई लावत, शिस्टर. नुसतं दूध उतरतं. नळीतनं उतरल्यागत..."

शालू गादीपासून जरा मागे सरकली.

"एक इचारू? छातीकडनं ऊन आसतंय, आन् पाठीकडनं गार. असं कसं ओ? तुमी शिकल्याली. तुमी सांगा."

त्या हीटरचं ठाऊक असलेली दोनच माणसं होती. लाज वाटली शालूला, मनापासून वाटली, आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती. दाराशी सोजरबाई पदर तोंडात धरून उभी होती. सांग, असं तिचे डोळे म्हणत होते.

"तुळजाबाई, तुमचं बाळ..."

"काय?"

"त्या दिवशी... पाचला..."

"पाचला प्याला न्हवं? लिवलंय की तुमी." तुळजाबाईनं उशीखालून एक कागद काढला. घड्या पडून मऊ झालेली झेरॉक्स. शालूचं स्वतःचं अक्षर. ५ मिली, नळीनं, पचलं. "धाकट्या दिरानं वाचून दावलं. तवा मला उमगलं. तुमी लिवलं तेवढ्याच येळेला येतंय त्ये. सहाच्या म्होरं रिकामं हाय ना, म्हनून जावं लागतंय त्याला. जाताना लै रडतंय ओ. आवाज न्हाई येत, पर थरथरतंय." तिनं कागदावर पेन ठेवलं. "म्होरलं लिवा."

"अहो, असं नसतं..."

"तुमी लिवायच्या न्हवं, आदीच? त्या एक नंबरच्या पोराच्या आईनं बघितलं व्हतं काचंतनं. तीन वाजता सहाचं लिवताना. मी कुनाला बोलले न्हाई. बोलनार बी न्हाई. लिवा."

आता सांगा, काय करावं? ती बाई धमकी देत नव्हती. धमकी द्यायला अंगात रक्त लागतं. पण शालूला धमकीच ऐकू आली. सोमवार आठवला, भिंतीवरचा खिळा आठवला. खरं सांगितलं असतं तर तुळजाबाई मोकळी झाली असती, तिच्या पोराची सुटका झाली असती. त्याऐवजी शालूनं पेन उचललं. एवढं लिहिलं की ही गप्प बसेल आणि आपण बस पकडू, असा साधा विचार केला तिनं. माणसं अशाच साध्या विचारांनी वाईट होतात.

सातचा रकाना. ठोके १४४, श्वास ४८, रंग गुलाबी. दूध ५ मिली, नळीनं, पचलं. 'आईचं' लिहायचं घाईत राहून गेलं. आठचा रकाना. १४०, गुलाबी. दुपारची ड्युटी आठला संपते, म्हणून तिथे थांबली. आणि हाताच्या सवयीनं खाली, जिथे पाळीवरची परिचारिका सही करते, तिथे सही ठोकली. तेव्हाची सही शेजारीच होती. दोन्ही अगदी सारख्या.

सोजरबाईनं कागद पाहिला नाही, शालूचं तोंड पाहिलं. "न्हाई सांगितलंस," ती म्हणाली, आणि भांडी घासायला बाहेर निघून गेली.

शालूला उठायचं होतं, पण तुळजाबाई म्हणाली, थांबा, जाऊ द्या त्याला. थांबावंच लागलं. सहा वाजून दहा मिनिटांनी तुळजाबाईचे हात हलके झाले. तिनं ब्लाउजवर पालथा हात फिरवला, कोरडा आला.

"आज रडलं न्हाई," ती नवलानं म्हणाली. मग शालूकडे पाहिलं. चेहऱ्यावर सुटका होती, आणि सुटकेपेक्षा मोठं एक दुःख. "माझ्याकडं वळून बी न्हाई बघितलं ओ. तुमच्या मागं गेल्यागत वाटलं..."

शालू कशीबशी चप्पल घालून बाहेर पडली.

बस भरलेली होती. तिला खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक कॉलेजातला मुलगा कानात गाणी घालून बसला होता. हडपसर गेलं, वाहनांची रांग लागली, रस्त्यावरचे दिवे लागले. शालूनं स्वतःची समजूत घातली. मनाचा रोग. दूध काय, औषधानं थांबतं. चांगल्या डॉक्टरचं नाव सुचवायला हवं होतं. तिला जरा बरं वाटलं.

मग स्पिरिटचा वास आला.

तिनं घड्याळ पाहिलं. सात. मांडीवर काहीतरी टेकलं. वजन फार नव्हतं. असं वजन तिनं वर्षभर रोज तळहातावर तोललं होतं. किलोला कमी, तिला काट्याची गरज नव्हती. वरून ऊन होतं. खालून, मांडीला लागत होतं तिथे, गार... फरशीसारखं गार. तिनं ओरडायला तोंड उघडलं आणि छातीत कळ आली, आतून ओढ लागली, सुईच्या टोकासारखी. कुर्त्याचा पुढचा भाग ओला होऊ लागला. लग्न न झालेली सव्वीस वर्षांची मुलगी. तिनं पर्स छातीशी दाबून धरली. शेजारच्या मुलानं कानातलं गाणं बदललं. स्वारगेटला सगळे उतरले, ती आठ वाजेपर्यंत बसमध्ये तशीच बसून राहिली. कंडक्टर दोनदा ओरडला.

रविवारी सातला ती न्हाणीघरात दार लावून बसली. आई बाहेरून विचारत होती, काय गं, पोट बिघडलंय का?

सोमवारी सकाळी सर्टिफिकेट मिळालं. जाड कागद, सोनेरी कडा, खाली मोठ्या डॉक्टरांची सही. वर्गात पहिली आली होती. तक्ते उत्तम राखल्याबद्दल खास शेरा होता.

नसीमबानू सिस्टरनी ते तिच्या हातात दिलं आणि तिच्याकडे पाहिलं. बाहेर कडक ऊन असताना शालूनं ओढणी दुहेरी करून घट्ट लपेटली होती. सिस्टर उठल्या, टेबलाचा खालचा खण उघडला आणि कापसाच्या दोन घड्या काढल्या, मऊ फडक्यात शिवलेल्या, धुऊन धुऊन पिवळट पडलेल्या. खण तशा घड्यांनी भरलेला होता. त्यांनी त्या सर्टिफिकेटवर ठेवल्या.

"आतून लाव," त्या म्हणाल्या. "किती वाजता येतं?"

"सात..." ती म्हणाली. "सिस्टर, हे थांबतं ना? कधीतरी थांबतं ना?"

नसीमबानूंनी खण बंद केला.

"माझं तीनला येतं," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं झाली. मुलगी आहे."